होडीतली पुढची जागा

मस्की धरायची प्रतिज्ञा मी केली, असं आमच्या गावात अजूनही सांगतात. ते खरं नाही. प्रतिज्ञा ब्रँडीनं केली, मी फक्त तोंड पुरवलं.

शुक्रवारची संध्याकाळ होती. शुक्रवारी लॉरेनच्या बारमध्ये तळलेला मासा आणि बटाटे खायला अख्खं ब्लॅक अल्डर गाव लोटतं. तिथल्या एका भिंतीवर, आयुष्यात मस्की धरलेल्या प्रत्येकाचा फोटो लावलेला आहे. मस्की म्हणजे आमच्या नदीतली सगळ्यात मोठी, सगळ्यात दातेरी आणि सगळ्यात तुसडी मासळी. ती गळाला लागत नाही, दर्शन देते. तरीही त्या भिंतीवर पोस्टमन आहे, दातांचा डॉक्टर आहे, चर्चच्या पास्टरीणबाई आहेत, खुद्द लॉरेन दोनदा आहे. माझी बायको कोरीन शाळेत असतानाची, दोन वेण्या घातलेली, स्वतःएवढी मस्की कवटाळून उभी आहे. आणि माझे सासरे लेस्टर नोवाक यांचे तर इतके फोटो आहेत, की भिंत संपल्यावर लॉरेननं त्यांना बाथरूमच्या दाराकडे जायची वाट दिली.

मी त्या भिंतीवर नाही. मी विमा विकतो. भिंतीवरच्या बहुतेकांच्या होड्यांचा, मोटारींचा आणि दोघांच्या दातांचा विमा माझ्याकडे आहे. पण याबद्दल कुणी फोटो लावत नाही.

तर माझा शेजारी डुवेन माशाचा तुकडा तोंडात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "लॉरेन, ती कोपऱ्यातली जागा रिकामी का गं? आमच्या वेंडेलसाठी राखलीस की काय?"

"तिथं मी अग्निशामक नळकांडं लावणारे," लॉरेन म्हणाली. "त्याचा उपयोग व्हायची शक्यता जास्त."

बार हसला. कोरीनसुद्धा हसली, तिनं रुमाल तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. मी उठून उभा राहिलो आणि ब्रँडी बोलली, "नदी गोठायच्या आत माझा फोटो या भिंतीवर नसेल, तर मी नावाचा वेंडेल नाही!"

 सासरेबुवांनी काटा खाली ठेवला. हा माणूस कमी बोलतो, आणि माशाच्या बाबतीत आयुष्यात खोटं बोललेला नाही. एकदा पास्टरीणबाईंनी आपली मस्की एका बोटानं लांब सांगितली, तर यांनी त्यांना भर प्रार्थनेनंतर, कॉफीच्या रांगेत, दुरुस्त केलं होतं. ते मला नीट न्याहाळत म्हणाले, "जावईबापू, फोटो लागला, तर होडीतली पुढची जागा तुझी."

आता कुणी घास गिळेना. आमच्याकडे होडीतली पुढची जागा म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. ज्यानं मस्की धरली तो पुढं उभा राहणार, ताज्या पाण्यात गळ टाकणार. ज्यानं धरली नाही तो मागं बसणार, मोटर चालवणार, कॉफी ओतणार, जाळं सांभाळणार, आणि पुढच्यानं गळ टाकून झालेल्या उष्ट्या पाण्यात आपला गळ टाकणार. लग्न झाल्यापासून मी उष्ट्या पाण्यावर आहे. सासरेबुवांची पाठ मी इतकी पाहिली आहे, की त्यांच्या कोटाचा कुठला टाका कधी उसवला हे मला सांगता येईल. पुढची जागा मला हवी होती. इतकी हवी होती की सांगायची लाज वाटावी.

सकाळी डोकं दुखत असताना मासे धरायचा परवाना आठवला. माझा परवाना संपलेला होता. हार्डवेअरच्या दुकानात परवाने देतात त्या खिडकीवर गेलो, तर तिथल्या बाईंनी यंत्रात माझं नाव घातलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "वेंडेल, तू वारलास."

"कधी?"

"ते इथं लिहिलेलं नाही. पण परवाना द्यायला यंत्र तयार नाही."

आयुर्विमा विकणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागावं! मी जिवंत आहे असं कुणीतरी जबाबदार माणसानं सांगायला हवं होतं. दुकानात जबाबदार माणूस एकच होता, आणि तो डुवेन होता. तो खिळे मोजत होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आहे जिवंत," तो म्हणाला, "पण मस्की धरलेली नाहीये, एवढं त्यात घाला." बाईंनी दोनतीन ठिकाणी फोन केले आणि दुपारी मी पुन्हा जिवंत झालो. तोवर गावात बातमी पसरली होती, आणि आमच्या दारात एक शोकाकुल पातेलंभर नूडल्स येऊन पडले होते. ते आम्ही खाल्ले.

मग सरावाला लागलो. मस्कीची एक खोड आहे. ती आमिषाच्या मागोमाग थेट होडीपर्यंत येते आणि तिथं थांबून विचार करत बसते. म्हणून आमिष पाण्याबाहेर काढण्याआधी गळाच्या काठीचं टोक पाण्यात बुडवून मोठा आठाचा आकडा काढायचा. प्रत्येक वेळी. मासा दिसो न दिसो, हात गळून पडो, आठ काढायचाच. जो आठ चुकवतो त्याच्याच मागं नेमकी मस्की असते, असं आमच्याकडे लहान मुलांनाही शिकवतात.

मी अंगणात गवतावर आठ काढू लागलो. आमिष म्हणजे लहान मुलाच्या बुटाएवढा लाकडी मासा. आमची मांजर पिकल पहिल्याच दिवशी त्याच्या मागं लागली. ती आठाच्या पहिल्या वळणावर यायची, दुसऱ्या वळणावर थांबायची आणि मग माझ्याकडे तुच्छतेनं बघून निघून जायची. हुबेहूब मस्की. मला फार हुरूप आला.

कुंपणावरून डुवेन म्हणाला, "मनगट सैल ठेव. आणि ऊन असेल तेव्हाच जा. उन्हात मासा वर येतो."

लॉरेन म्हणाली, "उन्हात फक्त डुवेन वर येतो. बर्फ पडायला लागला की जा."

पास्टरीणबाईंनी चंद्र बघायला सांगितला. दातांच्या डॉक्टरनं वाऱ्याची दिशा सांगितली, पण माझं तोंड उघडं असल्यामुळे मला उलट काही विचारता आलं नाही. आठ मात्र अंगात भिनला. मी सुपात चमच्यानं आठ काढू लागलो. गिऱ्हाइकाला सहीची जागा दाखवताना पेनानं आठ काढू लागलो. कोरीननं माझ्या हातातून इस्त्री काढून घेतली.

पहिल्या खेपेला लख्ख ऊन होतं. सासरेबुवा पुढून म्हणाले, "ही हवा कपडे वाळवायची." दुसऱ्या खेपेला धुकं इतकं होतं की मी टाकलेला गळ कुठं पडला ते दिसलं नाही; फक्त वरून एका खारीचं ओरडणं ऐकू आलं. तिसऱ्या खेपेला वारा सुटला आणि मला पहिल्यांदा काहीतरी लागलं. जोर करून ओढलं, तर सासरेबुवांची लोकरी टोपी आली. ते मागं न वळता म्हणाले, "मोजून सोडून दे."

गंमत म्हणजे, म्हातारा माघार घेत नव्हता. उलट मीच कंटाळा केला की दारात येऊन भोंगा वाजवायचा. "चल जावईबापू, पारा उतरतोय. हवा बिघडली की मासा सुधारतो." मला वाटायचं, माझी फजिती बघायला यांना किती ही हौस! संध्याकाळी होडीतून उतरताना ते माझ्या खांद्यावर असा भार टाकायचे, जणू खांदाही होडीबरोबर विकत घेतलाय.

शेवटी नदीच्या कडेनं बर्फाची साय धरू लागली. येत्या शनिवारी गेलो नाही, तर पुढं नदीवर बहुधा होडी नाही, ट्रक चालणार होते.

शनिवारी सकाळी आकाश निळंशार. नदीवर वाफ तरंगत होती. आम्ही होडी पाण्यात सोडली आणि वरच्या वळणापर्यंत गेलो, तोवर पश्चिमेकडून ढग आले, वारा आला, आडवा पाऊस आला आणि पुन्हा ऊन आलं. सासरेबुवा खूश होते. मी मागून कॉफी ओतली आणि घरून आणलेला डबा उघडला. आत फॉइलमध्ये गुंडाळलेला गरम केक होता. आम्ही दोघांनी दोनदोन फोडी खाल्ल्या. सासरेबुवा बोटं चाटत म्हणाले, "झकास झालाय. कसला आहे?"

मी फॉइलला चिकटलेला तुकडा बघितला. मी तो हुंगला.

"पपा," मी म्हणालो, "केळ्याचा."

सासरेबुवांनी काठी खाली ठेवली. होडीत केळं आणणं म्हणजे सगळ्यात मोठा अपशकुन; मग मासा जवळ फिरकत नाही. आमच्याकडे केळ्याचं चित्र असलेला शर्ट घातलेल्या माणसालासुद्धा होडीत घेत नाहीत. आणि इथं केळं होडीत होतं, डब्यात होतं, आणि वर कप्तानाच्या पोटात होतं.

"कोरीन असं करेलच कशी?" ते म्हणाले. "माझी मुलगी आहे ती!"

कोरीनचं म्हणणं नंतर कळलं. तिनं तो केक चर्चच्या विक्रीसाठी केला होता. आमचा चीजचा डबा टेबलावरच राहिला आणि मी घाईत भलताच उचलला. म्हणजे अपशकुन मीच केला होता. पण त्या क्षणी मी ती बाब अनिर्णित ठेवली.

"आता?"

"आता दिवस नव्यानं सुरू करायचा," सासरेबुवा म्हणाले. "होडी बाहेर. ट्रेलरवर. डबा गाडीत. मग पहिल्यापासून."

आम्ही तेवढी नदी उलट आलो. वाटेत गारा पडल्या. धक्क्यावर होडी ट्रेलरवर चढवली, केक गाडीत ठेवला, सासरेबुवांनी नदीकडे तोंड करून चूळ भरली. शास्त्र असं की होडी बाहेर काढली, की आतलं पाणी आणि अपशकुन दोन्ही निघून जायला हवेत. म्हणून मी मागचं बूच काढलं. सगळं पाणी वाहून गेलं. मग उत्साहानं होडी पुन्हा पाण्यात लोटली आणि निघालो. बूच माझ्या खिशात होतं.

मी विमा विकणारा माणूस आहे. होडी बुडण्याच्या प्रत्येक प्रकाराचं छापील पत्रक माझ्याकडे आहे. त्यात पहिल्या क्रमांकावर बूच आहे.

पाऊस पडत होता म्हणून पायाखालचं पाणी मला पावसाचं वाटलं. घोट्याशी आलं तेव्हा वाटलं, पाऊस जोराचा आहे. थर्मास तरंगत माझ्या गुडघ्याला येऊन टेकला, तेव्हा सासरेबुवांनी पहिल्यांदा मागं वळून बघितलं.

"वेंडेल," ते म्हणाले. त्यांनी मला नावानं हाक मारली, यावरूनच मी काय ते ओळखलं. "बूच कुठं आहे?"

मी खिशातून काढून दाखवलं.

"छान," ते म्हणाले. "हरवलं नाहीस."

मी पूर्ण वेगानं होडी वाळूच्या उथळ पट्ट्यावर घातली. ती तिथं टेकली आणि बुडायची थांबली. काठ पाण्याच्या जेमतेम वर, आत गुडघाभर नदी, बाहेर कमरेएवढी नदी. मी बादली घेऊन उपसायला लागलो. वारा पडला. आणि मोठमोठे पिसांसारखे बर्फाचे पुंजके उतरायला लागले.

सासरेबुवा पुढच्या उंच खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. त्यांनी आकाशाकडे बघितलं. "बादली ठेव," ते एकदम कुजबुजले. "गळ टाक. आत्ता! टाक म्हणतो ना!"

"पपा, आपण बुडतोय."

"बुडून झालंय. आता टाक!"

मी टाकला. आमिष ओढत आणलं. काही नाही. हात गोठले होते, नाक गळत होतं, बूच अजून खिशातच होतं. एकदाच, फक्त एकदा, आठ न काढता गळ उचलावा असं वाटलं. पण हात माझा राहिलेलाच नव्हता. हातानं आठ काढला.

दुसऱ्या वळणावर पाण्यातलं एक लाकूड हललं. लाकडाला डोळा होता.

"थांबू नकोस," सासरेबुवा म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मोठा काढ. अजून मोठा. बाळा, थांबू नकोस..."

आणि मस्कीनं तोंड उघडलं.

पुढचं मी जसं घडलं तसं सांगतो. मी काठी झटक्यानं वर ओढली आणि एक पाऊल मागं टाकलं. ते पाऊल बादलीत गेलं. बादलीसकट मी मागच्या काठावरून उलटा नदीत पडलो, पण काठी सोडली नाही. मी एका बाजूनं बाहेर गेलो, दोर ताणला गेला, आणि काठ पाण्याशी टेकलेला असल्यामुळे मस्की दुसऱ्या बाजूनं सरळ घसरत आत आली. मी वर येऊन तोंडातली नदी थुंकली, तेव्हा मी नदीत उभा होतो आणि मासा होडीत पोहत होता.

"जावईबापू!" सासरेबुवा खुर्चीवर पाय आवळून ओरडत होते. "तुझा मासा माझ्या बुडाखालून गेला!"

"धरा ना!"

"धरू कसा? जाळं तुझ्या बाजूला!"

मस्कीनं होडीला दोन प्रदक्षिणा घातल्या, घरी राहिलेला चीजचा डबा शोधावा तशी मागची जागा तपासली आणि शेपटीच्या एका फटक्यात सासरेबुवांना नखशिखांत भिजवलं. मी बाहेरून जाळं फेकलं. त्यांनी ते झेललं आणि खुर्चीवरून खाली वाकून, एखाद्या राजानं सिंहासनावर बसून सांडलेले दाणे टिपावेत तशा अवस्थेत, तिला जाळ्यात घेतलं. मग आम्ही दोघं इतके ओरडलो की पलीकडच्या काठावरची हरणं पळाली. म्हातारा माझं डोकं धरून टोपीवर पापे घेत होता.

गळ काढला, लांबी मोजली, आणि मी कमरेएवढ्या पाण्यात, बर्फात, एका पायात बादली आणि हातात मस्की घेऊन फोटो काढवून घेतला. मग तिला पाण्यात धरून ठेवलं. तिनं एकदा माझ्याकडे, अगदी पिकलसारखं, तुच्छतेनं बघितलं आणि निघून गेली.

त्याच संध्याकाळी लॉरेनच्या बारमध्ये मी ब्लँकेट गुंडाळून बसलो होतो. फोटो टेबलावरून फिरला. डुवेननं तो बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "होडी कुठंय?"

"मागं."

"म्हणजे तू बाहेर आहेस. नियम काय? मासा जाळ्यात आणि धरणारा होडीत. इथं मासा होडीत आणि धरणारा नदीत. लॉरेन, हा फोटो मस्कीच्या घरी लागला पाहिजे. तिनं वेंडेल धरलाय."

बार हसून कोसळला. टाळ्या, शिट्ट्या, बाटल्यांचे ठोके. मी मात्र हसलो नाही. कारण नियम खरंच तसा होता, आणि लॉरेन फोटो परत माझ्याकडे सरकवत होती.

"थांब," सासरेबुवा म्हणाले आणि उठून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या बारमध्ये भाषणाला उभे राहिले होते. "मासा लागला तेव्हा याचे दोन्ही पाय होडीत होते. मी बघितलं. नंतर होडीत नदी होती आणि नदीत होडी होती. आत कुठं संपतं आणि बाहेर कुठं सुरू होतं, हे डुवेन, तू मला येऊन दाखव. याचा एक पाय तर बादलीत होता, आणि बादली माझ्या होडीची आहे. होडीच्या सामानात उभा असलेला माणूस होडीतच धरायचा!" त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "मी कधी एका बोटाचंही खोटं बोललोय?"

 पास्टरीणबाईंनी मान खाली घातली.

लॉरेननं सगळ्यांकडे एकदा बघितलं, ड्रॉवरमधून टाचण्या काढल्या आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या जागी फोटो लावला. कोरीन उठून आली आणि तिनं सगळ्यांदेखत माझा मुका घेतला. डुवेननं मला ब्रँडी पाजली. मला रडू आलं, आणि ते सर्दीचं आहे असं मी सगळ्यांना सांगितलं.

गाडीकडे जाताना सासरेबुवांनी माझ्या खांद्यावर भार टाकला. नेहमीपेक्षा जास्त.

"पपा, तुम्ही माझ्यासाठी इतकं बोललात..."

"तुझ्यासाठी?" ते थांबून गुडघा चोळू लागले. "अरे, वसंतापासून हे दोन्ही गुडघे गेलेत. पुढं उभं राहून जीव जातो माझा. डॉक्टर म्हणतो, बसून धरा. बसू कसा? एवढे फोटो असलेला माणूस बिनफोटोच्या जावयाच्या मागं बसला, तर डुवेन मला जगू देईल?" त्यांनी नाक शिंकरलं. "आज हरलो असतो, तर मासे धरणंच सोडणार होतो मी. कोरीनला सांगू नकोस."

मी त्यांना गाडीत बसवलं. 

नदी पुरती गोठायच्या आत आम्ही आणखी एकदा गेलो. मी पुढं उभा राहिलो. पुढच्या जागेबद्दल मला एक गोष्ट कुणीही सांगितली नव्हती: तिथं वारा सरळ तोंडावर येतो, बर्फाचा चुरा डोळ्यांत जातो, आणि सगळ्या गावाचा मान अंगावर घेऊनही बोटं गोठायची ती गोठतातच. मागं सासरेबुवा कांबळं पांघरून, पाय लांब करून, थर्मास मांडीत घेऊन बसले होते. ते पोल्का नाचाची एक धून गुणगुणत होते. या माणसाला गुणगुणता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि ते ऐकून मला इतका आनंद झाला की डोळ्यांतल्या बर्फाचंसुद्धा काही वाटेना.

तेवढ्यात मागून ओळखीचा वास आला. फॉइलचा आवाज आला. मी वळून बघितलं.

"पपा! हा तर केळ्याचा केक आहे!"

"हो, मीच कोरीनला करायला सांगितला," सासरेबुवा तोंडात फोड ठेवत म्हणाले. "शकुन-अपशकुन पुढच्यानं बघायचे असतात. तू पुढं बघ आणि आठ काढ."